मूळ कागद कुठं आहे?

 

मी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. एरवी मी इथं आले की बँकेचं कर्ज, हप्ते, ठराव वही यांवर बोलते. आज विषय जरा वेगळा आहे, इतिहासाचा. पण बोलता बोलता आपण पुन्हा हप्त्यावर आणि पावतीवरच येणार आहोत, हे आधीच सांगून ठेवते.

आमच्या एका गटातल्या ताईंची मुलगी बी.ए.ला आहे. इतिहास विषय घेतलाय. घरात आधीच कुरकुर, की आर्ट्सला जाऊन मिळणार काय? त्यात एक दिवस ती रडवेली होऊन माझ्याकडं आली. कॉलेजात प्रकल्प लिहायचा होता. तिनं विषय घेतला होता १८७५ सालच्या शेतकऱ्यांच्या उठावाचा, ज्याला पुस्तकात 'दख्खनचे दंगे' म्हणतात. पंधरा पानं सुंदर अक्षरात लिहिली होती. सरांनी वही परत दिली आणि वर लाल शाईनं लिहिलं, 'प्राथमिक साधने कोठे आहेत?'

ती म्हणाली, "ताई, मी तर सगळं मोबाईलवरनं शोधून लिहिलंय. आता आणखी काय पाहिजे? पंधरा दिवसांत परत द्यायचंय. नाही जमलं तर घरचे म्हणतील, बस झालं शिक्षण."

मीही बी.ए.च आहे. लग्नानंतर मुक्त विद्यापीठातून केलं. खरं सांगते, मलाही तेव्हा प्राथमिक साधन म्हणजे काय ते नीट कळलं नव्हतं. परीक्षेपुरती व्याख्या पाठ केली होती. मग आम्ही दोघी मिळून बसलो. त्या पंधरा दिवसांत जे शिकलो, ते आज तुम्हाला सांगते. तुमच्या घरात कॉलेजला जाणारी मुलगी असेल, सून असेल, तर तिला हाक मारा. काही गोष्टी लिहून घ्यायच्या आहेत.

आधी व्याख्या, आपल्या भाषेत. समजा आपल्या गटाची बैठक झाली. बैठकीत सचिवताईंनी त्याच वेळी लिहिलेली ठराव वही, सगळ्यांच्या सह्या असलेली, हे झालं प्राथमिक साधन. दोन वर्षांनी कुणी येऊन ती वही वाचून आपल्या गटावर लेख लिहिला, तो झाला दुय्यम. आणि तो लेख वाचून तिसऱ्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळी टाकल्या, त्या चार ओळी म्हणजे ऐकीव गोष्ट. आमच्या मुलीनं पंधरा पानं लिहिली होती ती या ऐकीव गोष्टीवरनं. त्या काळातला एकही कागद तिनं पाहिला नव्हता.

आता ती घटना काय होती ते थोडक्यात सांगते. १८६१ ते १८६५ अमेरिकेत आपसातलं युद्ध चाललं होतं. तिथला कापूस इंग्लंडला जाईना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला भाव आला. भाव आला म्हणून सावकार सढळ हातानं कर्ज देऊ लागले. युद्ध संपलं, भाव पडला. त्यातच सरकारनं शेतसारा वाढवला. सावकारानं हात आखडता घेतला आणि जुन्या बाकीचा तगादा लावला. शेवटी १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे या बाजाराच्या गावी शेतकरी जमले. त्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जाची खतं मागितली आणि रस्त्यात जाळली. धान्याची दुकानं लुटली. मग हे लोण नगर जिल्ह्यातही पसरलं. तीसहून जास्त गावांत दंगा झाला.

पहिली चूक आमची इथंच झाली. आपल्याला सुपे म्हटलं की पारनेर तालुक्यातलं सुपे आठवतं, नगर-पुणे रस्त्यावरचं, एमआयडीसीचं. मुलीनं तेच लिहिलं होतं. शिवाय एसटी स्टँडचा आजचा फोटोही चिकटवला होता! पण १८७५ चं सुपे वेगळं. ते आताच्या बारामती तालुक्यातलं, तेव्हा तो भीमथडी तालुका होता. एकाच नावाची दोन गावं. आपलं कर्जत तरी एक आहे का? रायगडलाही एक कर्जत आहेच. म्हणून पहिला धडा लिहून घ्या. गावाचं नाव सापडलं की लगेच तालुका आणि जिल्हा तपासायचा, आणि तोही त्या वेळचा.

दुसरा धडा शोधण्याचा. आपण मोबाईलवर आजची नावं टाकतो. जुन्या कागदाला आजची नावं माहीत नाहीत. अहिल्यानगर टाकलं तर १८७५ चा कागद सापडणार नाही, तिथं अहमदनगरच टाकावं लागतं. पुण्याचं इंग्रजी स्पेलिंग तेव्हा होतं पी, डबल ओ, एन, ए. सुपे होतं एस, यू, पी, ए. रयत होतं आर, वाय, ओ, टी. सावकार लिहायचे एस, ओ, डब्ल्यू, के, ए, आर. ही स्पेलिंगं एका कागदावर लिहून ठेवली आणि तीच टाकली, तेव्हा कुठं मोबाईलनं जुनी पानं दाखवायला सुरुवात केली. तोवर नुसत्या बातम्या आणि व्हिडिओ येत होते.

तिसरा धडा. थेट समुद्रात उडी मारायची नाही, आधी कुणाचं तरी बोट धरायचं. आम्ही बोट धरलं एनसीईआरटीच्या बारावीच्या इतिहासाच्या पुस्तकाचं. ते इंटरनेटवर फुकट मिळतं, इंग्रजी आणि हिंदीत. त्यात दख्खनच्या या दंग्यावर भाग आहे आणि त्या काळच्या कागदांतले उतारे चौकटीत दिलेत. उताऱ्याखाली तो कुठून घेतला तेही दिलंय. ते खालचं बारीक अक्षर आपण कायम सोडून देतो. खरी वाट तिथंच असते. तिथं आम्हाला नाव मिळालं, 'डेक्कन रायट्स कमिशन', म्हणजे दंग्याच्या चौकशीसाठी सरकारनं नेमलेला आयोग. आयोगानं रयतेचे, सावकारांचे, बघणाऱ्यांचे जबाब घेतले, कलेक्टरांचे अहवाल गोळा केले, सारा आणि व्याजाचे दर लिहिले. त्याचा अहवाल १८७८ साली इंग्लंडच्या पार्लमेंटपुढं ठेवला गेला. एकदा अहवालाचं नाव हाती लागलं की शोध सोपा होतो.

आता कुठं शोधायचं, ती ठिकाणं सांगते. सगळी फुकट आहेत. कुणी पैसे मागितले, ओटीपी मागितला, तर ती जागा आपली नाही, लगेच बाहेर पडायचं.

एक, इंटरनेट अर्काइव्ह. जगभरची जुनी पुस्तकं तिथं स्कॅन करून ठेवलीत. दोन, जुनी जिल्हा गॅझेटियर. इंग्रज सरकारनं प्रत्येक जिल्ह्याचं जाडजूड पुस्तक काढलं होतं. अहमदनगरचं १८८४ सालचं आहे, पुण्याचं १८८५ सालचं, तीन भागांत. आपल्या राज्य सरकारच्या गॅझेटियर विभागानंही ती इंटरनेटवर ठेवलीत. तुमच्या गावचा आठवडे बाजार, विहिरी, पिकं, सगळं त्यात सापडू शकतं. तीन, दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल'. तिथं सरकारी फायलींची यादी आणि बऱ्याच फायलींची पानं बघता येतात. चार, मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचं 'ग्रंथसंजीवनी', तिथं जुनी मराठी पुस्तकंही आहेत. पाच, पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या ग्रंथालयाचा डिजिटल संग्रह. शेती, सारा, दुष्काळ यांवरचे जुने अहवाल बघायचे तर तिथं एकदा जावंच.

फाईल जड असते, चारशे-पाचशे पानांची. सगळी डाउनलोड करायला गेलात तर दिवसाचा डेटा संपेल. तिथल्या तिथं उघडून, भिंगाच्या खुणेवर शब्द टाकून पुस्तकाच्या आत शोधता येतं. पण एक ध्यानात ठेवा. जुनी अक्षरं मशीन वाचतं आणि चुकतं. छपाई पुसट असली की एका अक्षराचं दुसरंच होतं. म्हणून एका शब्दानं नाही सापडलं तर 'नाही' म्हणून उठायचं नाही. दुसरा शब्द टाकायचा, अनुक्रमणिका बघायची, पान उलटायचं.

आम्हा दोघींचं इंग्रजी बेताचंच. मोबाईलवर भाषांतर करून बघितलं, तर 'बॉण्ड' या शब्दाचं त्यानं 'बंधन' करून टाकलं. अर्थ सरळ होता कर्जाचं खत, कर्जरोखा. आम्ही दोघी हसलो, पण मग हायस्कूलच्या बाईंकडं जाऊन उतारे तपासून आणले. मुलीनं प्रश्नांची उत्तरं देणाऱ्या एका अ‍ॅपलाही विचारलं होतं. त्यानं आयोगाच्या अहवालातलं म्हणून एक झकास वाक्य दिलं. पान किती, तर सांगेना. आम्ही ते वाक्य शोध शोध शोधलं, कुठंच मिळालं नाही. ते काढून टाकलं. ज्याला पान नंबर नाही ते वाक्य प्रकल्पात घ्यायचं नाही, हा आमचा नियम ठरला.

आता सांगते आम्हाला काय सापडलं. आज मी इथं बसलेय ते याच्यासाठी.

पहिला कागद पुण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटचा, १६ मे १८७५ चा. आदल्या दिवशी तो सुप्याला पोचला होता. तो लिहितो की सावकाराचं एक घर जाळलंय, डझनभर घरं फोडलीत, आणि कागद, धान्य, कापड जाळलेल्या राखेचे ढीग अजून रस्त्यात दिसतात. नुकसान किती? त्याच्या अंदाजानं २५ हजार रुपयांच्या वर. पण सावकार म्हणतात एक लाखाच्या वर. बघा, एकाच कागदात दोन आकडे. मुलगी म्हणाली, "ताई, कोणता लिहू?" मी म्हटलं, दोन्ही लिही, आणि कोणता आकडा कुणाचा तेही लिही. गटात नाही का, एक म्हणते मी पाच हप्ते भरले, दुसरी म्हणते चारच. आपण वहीत दोघींचं म्हणणं लिहितो, तसंच हे.

दुसरा कागद नोव्हेंबर १८७३ चा, दंग्याच्या दीड वर्ष आधीचा. एका शेतकऱ्यानं लिहून दिलेलं खत. कर्जापायी त्यानं लोखंडी आसाच्या दोन गाड्या आणि चार बैल सावकाराला विकले. मग तेच बैल आणि त्याच गाड्या महिना चार रुपये भाड्यानं परत घेतल्या. कालपर्यंत स्वतःच्या गोठ्यातले बैल, आज त्यांचंच भाडं द्यायचं. आणि खताच्या शेवटी कबुली, की दर महिन्याला तुमच्या हातची पावती घेईन, पावती नसेल तर भाडं दिलं असं म्हणणार नाही. सगळा भार पावतीवर, आणि पावती देणारा हात सावकाराचा!

तिसरा कागद वाचला आणि माझ्या अंगावर काटा आला. तो अर्ज होता मिरजगावच्या रयतेचा. हो, आपलं मिरजगाव, कर्जत तालुक्यातलं, जिथं आपण बाजाराला जातो. तिथल्या शेतकऱ्यांनी अहमदनगरच्या कलेक्टरला अर्ज दिला होता. माझ्या शब्दांत सांगते. घरखर्च भागत नाही म्हणून सावकारापुढं हात पसरावा लागतो. तो पैसे, कापड, धान्य देतो, पण खतात कडक अटी घालतो. रोखीनं घेणाऱ्याला जो भाव, त्याहून पंचवीस ते पन्नास टक्के जास्त भाव आम्हाला लावतो. शेतातला माल नेताना म्हणतो की तुझ्या खात्यावर जमा करतो, पण वहीत जमा करत नाही. आणि माल नेल्याची पावती मागितली तर देत नाही.

दीडशे वर्षांपूर्वी आपल्याच शिवारातल्या माणसांनी लिहिलंय हे. आयोगानं तर असंही एक प्रकरण नोंदवलंय, जिथं शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांच्या वर व्याज लावलं होतं. आपल्याकडं दामदुप्पट म्हणतात, म्हणजे व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये, ही जुनी रीत. ती कुठल्या कुठं राहिली. कायदाही उलटा पडला. १८५९ साली सरकारनं कायदा केला की कर्जाचं खत तीनच वर्षं चालेल, म्हणजे व्याज साचणार नाही. सावकारानं काय केलं? दर तीन वर्षांनी नवं खत लिहून घ्यायचं, जुनी बाकी आणि व्याज मिळून नवं मुद्दल, त्यावर पुन्हा व्याज.

मी तो मिरजगावचा अर्ज मराठीत लिहून आमच्या गटाच्या बैठकीत वाचून दाखवला. अशीच वाचला, बायांना गंमत वाटेल म्हणून. गंमत कसली, वाचून झाल्यावर सगळ्या गप्प. मग एक काकू हळूच म्हणाल्या, "माझ्या पण कार्डावर दोन हप्ते चढवले नाहीत. पोरगा म्हणतो पुढच्या वेळी चढवतो."

त्यांनी एका खाजगी फायनान्सचं आठवड्याच्या हप्त्याचं कर्ज घेतलं होतं. कार्ड बघितलं, खरंच दोन रकाने कोरे. दुसऱ्या दिवशी आम्ही पाच जणी शाखेत गेलो. एक हप्ता काकूंच्या मुलीनं मोबाईलवरून पाठवला होता, त्याची नोंद फोनमध्ये होती. तो त्यांना मान्य करावा लागला. दुसरा हप्ता रोख दिला होता. पावती नाही, साक्षीदार नाही. तो गेला. काकूंनी तो हप्ता दुसऱ्यांदा भरला, आणि ते पैसे त्यांनी शेळीच्या खुराकातून काढले. मी खोटं सांगणार नाही, आम्ही तिथं हरलो. पण त्या दिवसापासून आमच्या गटात नियम झाला. पैसे हातातून सुटायच्या आधी कार्ड पुढं करायचं, नोंद डोळ्यांनी बघायची, मगच पैसे द्यायचे.

तुम्ही म्हणाल, मिरजगावच्या त्या अर्जाचं पुढं काय झालं? त्या एका अर्जाचंच फळ असं मी म्हणणार नाही. पण दंगे झाले, चौकशी झाली, आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या जिल्ह्यांना तो लागू झाला. त्यात शेतकऱ्याला दिलेल्या पैशाची लेखी पावती मागायचा, वर्षाचा हिशेब मागायचा आणि पासबुकात नोंद करून घ्यायचा हक्क दिला गेला. खतामागचा खरा व्यवहार तपासायची मुभा कोर्टाला मिळाली. म्हणजे पावती आणि पासबुक ही बँकेनं आपल्यावर केलेली मेहेरबानी नाही. त्यासाठी आपल्या भागातल्या माणसांनी तुरुंग भोगलाय.

आता परत मुलीच्या प्रकल्पाकडं येते. कागद सापडला म्हणजे काम संपलं नाही. तो कागद खरं बोलतो का, किती बोलतो, हे बघायचं. आम्ही प्रत्येक कागदाला चार प्रश्न विचारले. तेही लिहून घ्या. हा कुणी लिहिला? कधी लिहिला, घटनेच्या दिवशी की नंतर? कुणासाठी लिहिला? आणि यात कोण बोलत नाही?

हे लावून बघा. मॅजिस्ट्रेटचा कागद तीन-चार दिवसांतला, राख डोळ्यांनी बघून लिहिलेला. गॅझेटियर दहा वर्षांनंतरचं, सरकारनं छापलेलं. दोन्ही जुने, पण दोघांचं वजन सारखं नाही. आयोगाचा अहवाल तर सरकारनंच नेमलेल्या माणसांचा. त्यांनी दोष दिला सावकारांना. सरकारनं सारा वाढवला, त्यामुळं रयत चिडली, हे काही त्यांनी मानलं नाही. स्वतःच्या ताटातलं मुसळ कुणाला दिसतं? म्हणून दुसऱ्या बाजूचा आवाज शोधावा लागतो. आम्ही महात्मा फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' घेतला, तो १८८३ चा. त्यात सावकाराबरोबर सरकारी कर आणि कामगार, म्हणजे सरकारी नोकर, यांच्यावरही कोरडे ओढलेत. तो मराठीतच आहे, भाषांतराची कटकट नाही, आणि फुल्यांचं समग्र वाङ्मय राज्य सरकारनं छापलेलं आहे.

आणखी एक. मिरजगावच्या लोकांनी काही इंग्रजीत अर्ज केला नसणार. त्यांच्या तोंडचं मराठी, मग ते लिहिणाऱ्याच्या हातचं, मग साहेबासाठी इंग्रजी, आणि आता आमच्याकडून पुन्हा मराठी. इतक्या हातांतून शब्द आला की काहीतरी गळतंच. म्हणून आम्ही तो अवतरण चिन्हात घातला नाही, 'आशय असा' म्हणून लिहिला.

आणि जे बघितलं तेवढंच लिहिलं. मिरजगावचा अर्ज आम्ही एनसीईआरटीच्या पुस्तकात उतारा म्हणून वाचला होता, मूळ अहवालाच्या पानावर नाही. मुलगी म्हणाली, "थेट अहवालाचंच नाव टाकू का? भारी दिसेल." मी म्हटलं, नको. उतारा कुठं वाचला ते लिही आणि तो मूळ कुठला आहे तेही लिही. दुसऱ्याच्या पासबुकावर आपलं नाव घालायचं नाही. गॅझेटियर मात्र आम्ही स्वतः उघडलं होतं, त्याचं वर्ष, भाग, पान आणि बघितल्याची तारीख सगळं लिहिलं.

शेवटचा प्रश्न होता, कोण बोलत नाही. त्यावर मुलगी बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "ताई, यात एकही बाई नाही."

खरंच नव्हती. खत लिहून देणारा पुरुष, सावकार पुरुष, मॅजिस्ट्रेट, आयोग, सगळे पुरुष. ज्या घरातले बैल गेले, त्या घरात त्या रात्री चूल कशी पेटली हे आम्ही वाचलेल्या कागदांत कुठंच नव्हतं. धान्य पंचवीस टक्के महाग पडलं, तेव्हा कुणाच्या ताटातली भाकर कमी झाली असेल, हे आपल्याला सांगायला नको. पण त्याची नोंद आम्हाला मिळाली नाही. मुलीनं प्रकल्पाच्या शेवटी हेच लिहिलं, स्वतःच्या शब्दांत, अर्धं पान. त्या अर्ध्या पानाखाली सरांनी 'उत्तम' असा शेरा दिला. गुण चांगले पडले. पुढच्या वर्षाची फी भरताना वडील काही बोलले नाहीत. आमच्याकडं वडील काही बोलले नाहीत म्हणजे होकारच समजायचा.

बायांनो, तेव्हाच्या बायकांचे कागद आता आपण तयार करू शकत नाही. पण आपले करू शकतो. आपल्या गटाच्या वह्या बघा. काही गटांत ठराव अजून असा लिहितात, 'सर्वांनी चर्चा केली व मंजूर केले.' अहो, सर्वांनी म्हणजे कुणी? कर्ज कशासाठी घेतलं, शेळीसाठी की पोरीच्या फीसाठी? कोण नको म्हणालं? शंभर वर्षांनी कुणी पोर प्रकल्प करायला बसली आणि तिनं विचारलं, की २०२० च्या आसपास या गावातल्या बायका काय करत होत्या, तर तिला तुमची ठराव वही सापडली पाहिजे. रद्दीत गेलेली नाही, वाळवी लागलेली नाही. भरलेल्या वह्या पत्र्याच्या पेटीत ठेवा. महत्त्वाच्या पानांचे फोटो काढून दोघी-तिघींच्या फोनमध्ये ठेवा. फोटोत तारीख, पान नंबर आणि सह्या दिसू द्या. बैठकीत जी बोलली तिचं नाव लिहा, नुसतं 'अमक्याची बायको' नको.

पुढच्या महिन्यात आमच्या गावात आम्ही एक दुपार ठरवलीय. ज्या मुलींना कॉलेजचा प्रकल्प आहे, त्यांनी फोन आणि वही घेऊन यायचं. जुनं गॅझेटियर उघडायचं आणि आपल्या तालुक्याचं पान शोधायचं. काकूही येणार आहेत. त्यांना वाचता येत नाही, पण त्या म्हणाल्या, "तुम्ही वाचा, मी ऐकते. आणि कुणी पावतीबद्दल काही लिहिलं असेल तर मला दोनदा वाचून दाखवा."

तुमच्या गटातही अशी एक दुपार ठरवा. आणि उद्या हप्ता द्यायचा असेल तर आधी कार्ड पुढं करा.